नवी बॅटरी टाकूनही गाडी सकाळी उठत नाही? नागपुरात बॅटरी तपासायची ती अशी

नागपुरात गाड्यांच्या बॅटऱ्या बसतात डिसेंबर-जानेवारीत, आणि दोष जातो थंडीला. रात्री पारा आठ-नऊवर उतरतो, सकाळी सेल्फ मारला की इंजिन दोनदा कण्हतं आणि गप्प होतं. मग शेजाऱ्याची गाडी, जंपर केबल, ऑफिसला उशीर, आणि संध्याकाळी बॅटरीवाल्याकडून नवी बॅटरी. दोन वर्षांनी पुन्हा तेच. काही जणांचं तर नवी बॅटरी टाकून दोन-तीन महिने होत नाहीत तोच पुन्हा तेच. ही पोस्ट मुख्यतः या दुसऱ्या मंडळींसाठी आहे, कारण त्यांच्या गाडीत बॅटरी बहुतेक वेळा निर्दोष असते.

आधी थंडीची बाजू मांडतो. बॅटरीचं खरं नुकसान होतं मे महिन्यात. आपल्याकडे ४५ अंश ही काही बातमी नाही; २३ मे २०१३ ला तर ४७.९ ची नोंद झाली. हे झालं सावलीतलं तापमान. वर्धा रोडच्या सिग्नलवर एसी लावून उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल याचा अंदाज करा. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य धरतात ते साधारण २५ अंशांचा हिशेब करून. तापमान त्याच्यावर कायम आठ-दहा अंश राहिलं तर आयुष्य जवळपास निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. उष्णतेनं ॲसिडमधलं पाणी उडतं आणि पॉझिटिव्ह प्लेटची शिशाची जाळी आतून गंजत जाते.

गंमत अशी की तेव्हा कळत काहीच नाही. गरमीत बॅटरीतली रासायनिक क्रिया जोरात चालते, इंजिन ऑइलही पातळ असतं, त्यामुळे अर्धमेली बॅटरीसुद्धा नवतप्यात झटक्यात सेल्फ मारते. हिवाळ्यात दोन्ही गोष्टी उलटतात. ऑइल घट्ट, क्रिया मंद, आणि मे महिन्याची उधारी एका सकाळी वसूल होते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. अशा सकाळी कमजोर बॅटरीला लपायला जागा नसते. म्हणून बॅटरी तपासायची वेळ म्हणजे पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आधी. आणि पाणी टाकायची बॅटरी असेल तर आणखी एकदा मार्चमध्ये.

आधी आवाज ऐका

मल्टिमीटर हातात घेण्याआधी किल्ली फिरवा आणि कान द्या. कट-कट-कट-कट असा भराभर आवाज आला तर स्टार्टरपर्यंत पुरेसा करंट पोचत नाहीये: बॅटरी रिकामी, नाहीतर टर्मिनल ढिलं. एकच जोराचा ठक आणि मग शांतता, तर स्टार्टर मोटर किंवा तिच्या सोलेनॉइडवर (तिला करंट जोडून देणाऱ्या स्विचवर) संशय घ्या. काहीच आवाज नाही पण डॅशबोर्डचे दिवे लख्ख, तर बॅटरीला हात लावू नका. क्लच पूर्ण दाबला आहे का, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्कमध्ये आहे का, किल्लीचा इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) दिवा मिचकावतोय का, ते बघा. इंजिन व्यवस्थित घुर्र-घुर्र फिरतंय पण सुरू होत नाहीये, तर तो इंधनाचा किंवा इग्निशनचा मामला आहे. त्यात बॅटरी बदलून काही मिळणार नाही.

आणखी एक फुकटची परीक्षा. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे आधीच मंद असतील तर बॅटरी रिकामी. दिवे प्रखर होते आणि सेल्फ मारताच जवळजवळ विझले, तर बॅटरी भाराखाली बसते आहे किंवा जोडणी खराब आहे. दिवे जसेच्या तसे राहिले तर करंट स्टार्टरकडे जातच नाहीये.

टर्मिनल

यावर फार लिहीत नाही, पण हे टाळूही नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली की आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं घासा, स्वच्छ पाण्यानं धुवा, कोरडं करा. सोड्याचं पाणी सेलच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका, ते ॲसिड मारून टाकतं. बसवताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह, वरून व्हॅसलिनचा हात. हातानं क्लॅम्प फिरला तर तो ढिला आहे, मिस्त्री काहीही म्हणो. बॅटरीला धरून ठेवणारी पट्टीही कसलेली हवी. आपल्या रस्त्यांवर हादऱ्यानं प्लेटा झडतात.

मल्टिमीटरचा खेळ

साधा डिजिटल मल्टिमीटर सीताबर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा, लाल तार पॉझिटिव्हवर, काळी निगेटिव्हवर. पण कधी मोजायचं, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. गाडी बंद केल्या-केल्या मोजाल तर मेलेली बॅटरीही १२.८ दाखवेल, कारण प्लेटांवर नुसता वरवरचा चार्ज असतो. रात्रभर गाडी उभी राहू द्या आणि सकाळी दार उघडायच्या आधी, बॉनेट आदल्या रात्रीच नुसतं टेकवून ठेवून, मोजा.

१२.६ किंवा वर: पूर्ण भरलेली.
१२.४: साधारण पाऊण.
१२.२: निम्मी.
१२.० च्या आसपास: पाव.
११.९ च्या खाली: रिकामी समजा.
१०.५ च्या जवळपास अडकलेली आणि चार्ज करूनही वर येत नाही: सहापैकी एक सेल शॉर्ट झालाय. प्रत्येक सेल दोन व्होल्टच्या थोडा वर देतो, एक गेला की आकडा तेवढ्यानं पडतो. ही बॅटरी गेली.

आता महत्त्वाची गोष्ट. वरचे आकडे बॅटरी किती भरली आहे ते सांगतात; ती किती धडधाकट आहे ते सांगत नाहीत. १२.६ दाखवणारी म्हातारी बॅटरी सेल्फला कोसळू शकते, आणि ११.८ दाखवणारी ठणठणीत बॅटरी फक्त उपाशी असू शकते. दुकानात नेमकी इथंच गल्लत होते. ११.८ दाखवून नवी बॅटरी विकणं सोपं असतं.

धडधाकटपणा बघायचा तर भाराखाली बघा. आधी चार्जरनं बॅटरी पूर्ण भरा. मग एकानं सेल्फ मारायचा आणि दुसऱ्यानं मीटरवरचा सगळ्यात खालचा आकडा टिपायचा. भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. दहाच्या वर राहिलं तर मस्त. साडेनऊच्या खाली जाऊन आचके देत असेल तर हिवाळ्यापर्यंत थांबू नका. मीटरमध्ये सगळ्यात कमी आकडा धरून ठेवायची सोय असेल तर तीच वापरा, साधा मीटर हळू चालतो.

आणखी एक कसोटी: पूर्ण चार्ज केलेली बॅटरी निगेटिव्ह सोडून रात्रभर ठेवा. गाडीचा काही संबंधच उरला नाही, तरी सकाळी १२.३ वर आली असेल तर ती आतूनच झिरपते आहे.

बॅटरीवरचा तो चार्ज दाखवणारा हिरवा डोळा? तो सहापैकी एकाच सेलमध्ये बसवलेला असतो. बाकी पाच सेलांबद्दल त्याला काही माहीत नसतं. काळा दिसला तर चार्ज करा, हे ठीक. हिरवा आहे म्हणून निश्चिंत राहणं मला तरी पटत नाही.

पाणी, तेजाब आणि घरगुती उपाय

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पातळी बघाच. पाणी वरच्या खुणेपर्यंत, आणि तेही चार्ज झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या जेमतेम बुडतील एवढं टाका, चार्ज करा, मग पातळी पुरी करा. डिस्टिल्ड वॉटरच टाकायचं. इन्व्हर्टर असलेल्या घरात त्याचा कॅन असतोच. नळाचं आणि बोअरचं पाणी काय करतं ते बघायचं असेल तर सीझन संपल्यावर कूलरच्या जाळीवरचा पांढरा थर बघा. बॅटरीच्या प्लेटांवरही तेच क्षार बसतात. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. एसीतून ठिबकणारं पाणी भरायचा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश असतो, नको.

तेजाब तर कधीच टाकू नका. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून तेजाब टाकलं की चार दिवस बॅटरी उड्या मारते आणि मग कायमची बसते.

हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी नळी, असेल तर ही चाचणी मला मीटरपेक्षाही जास्त भरवशाची वाटते, कारण ती प्रत्येक सेल वेगळा तपासते. भरलेल्या सेलमध्ये साधारण १.२६५ च्या आसपास, निम्म्या चार्जला १.१९० च्या जवळ. उन्हानं तापलेल्या बॅटरीत आकडा थोडा कमी येतो, दर १० अंशांमागे साधारण ०.००७, तेवढी सूट द्या. सगळे सेल सारखेच कमी असतील तर चार्जिंगची गरज आहे. पाच ठीक आणि एक इतरांपेक्षा ०.०५० नं खाली, तर तो सेल गेला. सीलबंद बॅटरीत यातलं काही करता येत नाही, आणि तिला ड्रिलनं भोक पाडून पाणी भरणाऱ्या कलाकारांपासून लांब राहा.

हे सगळं करताना अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ बिडी-सिगरेट नको, आणि पान्यानं दोन टर्मिनल टेकवून ठिणगी पाहायची जुनी पद्धतही नको.

बॅटरी ठीक निघाली, मग ती रिकामी कोण करतंय?

दोन-तीन महिन्यांत नवी बॅटरी बसते ती जवळजवळ नेहमी दोनपैकी एका कारणानं. एकतर ती नीट भरली जात नाही, नाहीतर गाडी उभी असताना कुणीतरी तिच्यातून पितंय.

भरली जाते का ते बघणं सोपं आहे. इंजिन सुरू करून बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. हेडलाइट, एसीचा पंखा, मागच्या काचेचा हीटर सगळं लावा, तरी १३.५ च्या वर राहायला हवं. १३ च्या खाली अडकलं तर डायनामो (म्हणजेच अल्टरनेटर), त्याचा पट्टा किंवा त्याच्याकडून येणारी तार तपासा. पावसाळ्यात उंदीर इंजिनात बिऱ्हाड करतात आणि तारा कुरतडतात, तेही बघा. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरी उकळतोय. अशा गाडीत तुम्ही कितीही भारी बॅटरी टाका, ती एक उन्हाळा काढणार नाही.

नव्या गाड्यांत इथे एक मेख आहे. मायलेज वाढवण्यासाठी बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो. अशा गाडीत आयडलिंगला १२.७ दिसलं म्हणून लगेच डायनामो काढायला लावू नका. हेडलाइट लावून, थोडी रेस देऊन पुन्हा बघा.

इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढून डायनामो चेक करणारे मिस्त्री अजूनही भेटतात. ती कार्बोरेटरच्या काळातली पद्धत. आजच्या गाडीत टर्मिनल निघताक्षणी व्होल्टेजची उसळी येते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जाऊ शकतो. मिस्त्रीनं पाना हातात घेतला की नम्रपणे बॉनेट बंद करा.

आता गळती. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर यांना थोडा करंट लागतो. २० ते ५० मिलिअँप चालतात. हिशेब करून बघा. ५० मिलिअँप म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. पेट्रोल हॅचबॅकची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. पंधरा दिवसांत १८ गेले, म्हणजे अर्धी बॅटरी संपली. मुलगा पुण्याला आणि गाडी मनीषनगरच्या पार्किंगमध्ये महिनाभर उभी, अशा घरांत बॅटरी बसते यात कसलंही गूढ नाही. आता २५० मिलिअँप ओढणारं काही लागलेलं असेल तर हीच अर्धी बॅटरी तीन दिवसांत संपते. आणि अर्ध्या चार्जवर आठवडेच्या आठवडे राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात, मग ती पूर्ण भरतच नाही. चांगली बॅटरी अशी खराब होते.

मोजायचं असं. गाडी बंद, किल्ली लांब नेऊन ठेवलेली, बॉनेट उघडं, दाराचं लॉक स्क्रू ड्रायव्हरनं बंद केल्यासारखं दाबून ठेवलेलं. निगेटिव्ह क्लॅम्प काढा आणि मीटर १० अँपिअरच्या रेंजवर, लाल तार १० अँपिअरच्या भोकात घालून, बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्ये जोडा. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका. गाडीतले कंट्रोलर (छोटे संगणक) झोपायला अर्धा तास घेतात. त्यानंतरचा आकडा खरा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल.

आकडा १०० मिलिअँपच्या वर राहिला तर फ्यूज एकेक करून काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो त्या वाटेवर चोर आहे. याहून सुबक पद्धत: फ्यूज न काढता, त्याच्या डोक्यावरच्या दोन धातूच्या ठिपक्यांवर मीटर मिलिव्होल्टमध्ये लावा. शून्य म्हणजे त्यातून काही वाहत नाही. काही आकडा आला तर वाहतंय. यात झोपलेले कंट्रोलर जागे होत नाहीत.

चोर बहुतेक बाहेरून आलेले असतात. पार्किंग मोडवर चालणारा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, थेट बॅटरीवर जोडलेली अँड्रॉइड स्क्रीन आणि ॲम्प्लिफायर, ओबीडी पोर्टमध्ये (गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये) कायम खोचलेला डोंगल. कंपनीच्या वस्तूंत डिकीचा किंवा ग्लोव्ह बॉक्सचा न विझणारा दिवा. फास्टॅगवर मात्र आळ घेऊ नका, त्याला गाडीच्या बॅटरीची वीज लागतच नाही. सगळे फ्यूज काढूनही गळती थांबत नसेल तर अल्टरनेटरचे डायोड तपासून घ्या. अल्टरनेटरकडून बॅटरीला येणारी जाड तार बऱ्याचदा त्या फ्यूज-बॉक्समधून जात नाही.

"समृद्धीवर एक फेरी मारून आणा, चार्ज होईल"

हा सल्ला देणारे पुष्कळ. थोडी बसलेली बॅटरी अशा फेरीनं सावरते, मान्य. पण पूर्ण रिकामी झालेली बॅटरी दोन-तीन तासांच्या ड्राइव्हनं भरत नाही. शेवटचा पाचवा हिस्सा ती फार सावकाश घेते. तिला चार्जिंगलाच लावावं लागतं. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साधारण साडेतीन अँपिअरनं दहा-बारा तास, हवेशीर जागी. गाडीतच चार्ज करत असाल आणि निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सरचा डबा दिसत असेल, तर चार्जरची काळी क्लिप खांबावर न लावता बॉडीच्या अर्थिंगला लावा, म्हणजे किती चार्ज आत गेला हे गाडीलाही कळेल. धरमपेठ ते सिव्हिल लाइन्स एवढीच रोजची धाव असेल तर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा चार्जर लावणं हा नव्या बॅटरीपेक्षा स्वस्त उपाय आहे.

जंप देताना क्रम: लाल बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी लाल चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटची काळी बसलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट. इलेक्ट्रिक कार घेतलेल्यांनी हसू नये. त्यांच्याकडेही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती बसली तर गाडी सुरूच होत नाही.

दुकानात

दुकानदार जो हातात मावणारा टेस्टर लावतो तो चांगला असतो, पण त्यात काय भरलं ते बघा. बॅटरीवर लिहिलेला सीसीए आकडा (थंडीत सेल्फला किती अँपिअर देऊ शकते तो) आणि त्याचं मानक, जेआयएस, ईएन की एसएई, हे चुकीचं निवडलं तर चांगली बॅटरीही नापास होते. रिकामी बॅटरी तपासली तर निकालाला अर्थ नाही. "आधी चार्ज करा, मग टेस्ट करा" एवढं म्हणायला लाजू नका. चार्ज करून देतो, उद्या या, असं म्हणणारा दुकानदार भेटला तर त्याला धरून ठेवा.

बदलायचीच वेळ आली तर जुन्या बॅटरीवरचा कोड अक्षर न् अक्षर जुळवा. ३८बी२०एल मध्ये २० म्हणजे साधारण वीस सेंटिमीटर लांबी, आणि शेवटचं एल की आर हे टर्मिनल कुठल्या बाजूला ते सांगतं. उलटी आणली तर केबल पोचणार नाही. सिग्नलवर आपोआप बंद होणारी स्टार्ट-स्टॉप गाडी असेल तर ईएफबी किंवा एजीएम या खास प्रकारचीच बॅटरी लागते, साधी टाकली तर लवकर जाईल. काउंटरवरच मीटर लावा, १२.४ च्या खाली असेल तर ती शेल्फवर पडून आहे, दुसरी मागा. वॉरंटीत मोफत बदलीचे महिने किती आणि प्रो-रेटाचे (वापरलेल्या काळाप्रमाणे फक्त सूट मिळण्याचे) किती ते वेगळं विचारा, कारण डब्यावर दोघांची बेरीज छापलेली असते. जुनी बॅटरी दुकानातच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती अधिकृत वाटेनंच परत जायला हवी, आणि शिशाच्या मोबदल्यात बिलातून पैसे वजा होतात ते वेगळंच. बिलावर ती वजावट, विक्रीची तारीख आणि नव्या बॅटरीचा अनुक्रमांक लिहून घ्या. वॉरंटीला गेलं की पहिल्यांदा तोच अनुक्रमांक मागतात.